पेटीचा वास

काल मुलीने आंब्याची पेटी उघडली, गवताचा वास घरभर पसरला आणि मला आमची म्हातारी मांजर आठवली. नव्वदच्या दशकात मी वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर कामाला होतो. गाळ्यामागे एक मांजरी दोन पिल्लं मागे ठेवून मेली, म्हणून मी ती पिल्लं आंब्याच्या रिकाम्या पेटीत घालून घरी आणली. आमच्या म्हातारीने पेटी हुंगली, अंग फुगवलं आणि एका पिल्लाला फटका दिला. “इतकी वर्षं आयतं खाल्लंस, आता दोन पोरं सोसवत नाहीत?” म्हणत मी तिला चपलेने मारून बाहेर काढलं. ती जिन्यात बसून राहिली. बायको कामावरून आली, तिने पिल्लू उचललं आणि नाक मुरडलं. “अहो, यांना कार्बाइडचा वास येतोय. तिचा राग पोरांवर नाही, तुमच्या पेटीवर आहे.” आंबे पिकवायच्या त्या पुड्यांत दिवसभर वावरून मला तो वास येईनासाच झाला होता. बायकोने पिल्लं ओल्या फडक्याने पुसली, मांजरीच्या गोधडीत गुंडाळली आणि दार उघडलं. म्हातारी माझ्याकडे न बघता आत आली, बराच वेळ हुंगत राहिली आणि मग एकाचा कान चाटू लागली. सोसायटीत मात्र मी कित्येक वर्षं सांगत आलो की मांजर खवट होती, मी दम दिला तेव्हा सुधारली. लोक हसायचे, बायको उठून आत जायची. आता दोघीही नाहीत. काल मुलगी नातवाला तीच गोष्ट सांगू लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, “मांजर आधीपासून चांगलीच होती. वास माझ्या हातांना होता.”