दुपट्यातला दुधी

सकाळी भाजीसाठी दुधी शोधत होते, तर तो दिवाणखान्यात सापडला, दुपट्यात गुंडाळलेला. माझा नातू निखिल त्याच्यापुढे मांडी घालून बसला होता. त्याच्या बायकोला नववा लागलाय.

“अरे, बाळाचं नाक झाकलंस,” मी म्हटलं.

“तो देठ आहे, आजी. डोकं इकडे.” मग हळूच म्हणाला, “हातातून निसटलं तर गं?”

ही भीती त्याच्या आजोबांनाही वाटली असेल का? बाळंतपणाला मी माहेरी होते. हे बघायला आले आणि उंबऱ्याशीच घुटमळले. मी विशीतली अतिशहाणी, ‘पुरुषांना काय जमतंय’ म्हणत बाळ पदराखाली घेऊन बसले. माझं ज्ञान तरी केवढं? दुपटं बांधायची माझी आईच.

बापही महिनोन्महिने आतल्या आत वाढत असतो; त्याचं पोट दिसत नाही, इतकंच.

निखिलनं दुपटं सोडून पुन्हा बांधलं, डोक्याची बाजू तळहातावर तोलली आणि खोलीभर फिरून आला.

“जमलं की. आण आता इकडे, चिरायला घेते.”

त्यानं दुधी छातीशी धरला. “आज बटाट्याची कर ना, आजी.”