बुधवारची सुनावणी

गारखेड्याच्या माझ्या अनसूयामावशीवर अन्याय झाला तो पाडव्यानंतरच्या पहिल्या बुधवारी, सकाळी अकराला. पाणीपट्टी वाढवण्यावरची सुनावणी तेव्हा पाण्याच्या कचेरीत चालू होती आणि मावशी घरी नळाखाली हंडा धरून बसली होती. तिच्या गल्लीत पाणी फक्त बुधवारी येतं. सुनावणीला कोणी गेलं नाही, म्हणून वाढ लोकांना मान्य आहे असं लिहून साहेब मोकळे झाले.

मावशीचा निरोप आला तशी पुढच्याच बुधवारी मी सिल्लोडहून एसटी धरली. फुलंब्री मागं पडली आणि रखरखीत रानापलीकडं हर्सूलचा तलाव चमकला. लहानपणी तो दिसला की मी विचारायची, एवढं पाणी कोण पितं? आई म्हणायची, तुझी मावशी. तेव्हा मावशीकडं रोज पाणी यायचं. काकांनी स्वतः चर खणून आणलेला नळ तो. उन्हाळाभर आम्ही भावंडं त्याखाली भिजायचो आणि कोणी रागवायचं नाही. आता काका नाहीत. नळ आहे.

शहरात उतरून गारखेडा म्हणताच स्टँडवरचा रिक्षावाला हसला. "आज उधर पानी है, बाजी. जाते वक्त सवारी मिलती, आते वक्त कोई नहीं मिलता." रिक्षावाल्याला जे ठाऊक, ते कचेरीला ठाऊक नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

गल्लीभर घागरी आणि टिपाडं. मावशीनं मान वर न करता विचारलं, "आलीस व्हय? धर हा पाइप." जेवण पाणी गेल्यावर: भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी). चव तीच, लहानपणची. जेवताना ती सहज बोलून गेली की नवी पट्टी आपल्याला झेपायची नाय, नळ सोडून देणार आणि चौकातल्या टाकीवर रांग लावणार. गुडघे धरलेली बाई.

दुसऱ्या दिवशी कचेरी गाठली. कारकून सभ्य होता, त्याचाच जास्त राग आला. पाण्याचं वेळापत्रक वेगळ्या टेबलाला, सुनावणी वेगळ्या टेबलाला, असं त्यानं समजावलं. मी हटले नाही. शेवटी म्हणाला, ठराव अजून सभेपुढं गेलेला नाही, कोणी समक्ष आलं तर उशिराची हरकतही घेऊ. कधी? साहेब बसतात तेव्हा. म्हणजे बुधवारीच.

मावशी ऐकून भडकली. "हंडा रिकामा ठेवून जाऊ? आठवडाभर काय पिऊ, तुझी हरकत?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं, शेजारच्या रुबीनाभाभीचं. "खाला, तुम जाओ. तुम्हारा पानी हम भरते."

आठवडा मी तिथंच काढला. बुधवारी मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून साहेबांसमोर बसली. साहेबांनी दाराकडं पाहिलं, मागं माझ्याशिवाय कोणी दिसेना. "एकट्याच? म्हणजे बाकी गल्लीची काही तक्रार नाही."

"बाकीच्या माझं पाणी भरत्यात, साहेब," मावशी म्हणाली. "त्यांची नावं सांगते, लिवा."

आणि तिनं घरामागून घर सांगायला सुरुवात केली. साहेबांना लिहावं लागलं. ठराव तूर्त थांबला. सुनावणी पुन्हा होणार, पाणी नसलेल्या दिवशी. पट्टी वाढणार नाही असं कोणी म्हटलेलं नाही.

घरी आलो तर हंडा काठोकाठ भरलेला, वर झाकण. निघताना मावशीनं त्यातून माझी बाटली भरायला घेतली आणि मी नको म्हणाले. मावशीच्या घरचं पाणी नको म्हणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. तिनं ऐकलं नाही. हर्सूलपाशी एसटीत मी ते प्याले.

सिल्लोडकरांनो, अशा सुनावणीची नोटीस आपल्याकडंही कधीतरी लागेल. लागली की आधी सुनावणीचा वार बघा. तो पाण्याचा वार निघाला, तर शेजारणीचा हंडा तुम्ही भरा आणि तिला कचेरीत पाठवा.