शून्य, चार आणि पाटलांची बॅटरी

बॅटरी चार्जिंगच्या दुकानात किस्से किती साठलेत, ते सदऱ्यावरून कळतं. ॲसिडचा थेंब उडाला की भोक, आणि भोकागणिक एक किस्सा. महायुद्ध नुकतंच संपलं आहे. नगरला रशीदभाईंच्या दुकानात मी आणि माझा थोरला भाऊ काम करायचो. दादाच्या सदऱ्याची पार चाळणी झाली होती. दादाला जाऊन महिना झाला. तो सदरा मी अजून आईला धुवू दिलेला नाही. असो. किस्से सांगतो.

*

दादा कॉलेजात दोन वर्षं रसायन शिकून आलेला, मी तिसरीतून पळालेला. त्यानं भिंतीवर खडूनं शिशाचे ऑक्सिडेशनचे नंबर लिहिले होते : ० आणि ४. भरलेल्या बॅटरीत एक प्लेट नुसत्या शिशाची, तिचा नंबर शून्य. दुसरी तपकिरी, तिथं एकेका शिशाला दोन-दोन ऑक्सिजन चिकटलेले. ऑक्सिजनचा नंबर उणे दोन, दोघांचे उणे चार. बेरीज शून्य यायची तर शिशाचा चारच पाहिजे. बॅटरी वापरली की पहिली प्लेट दोन इलेक्ट्रॉन देते, दुसरी ते घेते, आणि दोघी दोनवर येतात. म्हणजे बॅटरी उतरली.

मी म्हणालो, "देणाऱ्याचा नंबर वाढतो कसा? दिल्यावर कमी व्हायला पाहिजे."

दादानं माझ्या खांद्यावर ट्रकची बॅटरी ठेवली. मी वाकलो. मग तीच उचलून त्यानं रशीदभाईंच्या मांडीवर ठेवली. मी ताठ झालो, रशीदभाई खुर्चीसकट खचले.

"इलेक्ट्रॉन म्हणजे ओझं," दादा म्हणाला. "देणारा वर, घेणारा खाली. कळलं?"

"मला कधीच कळलं," रशीदभाई म्हणाले. "आता उचल."

*

शेजारी जोशीबुवा राहायचे. एकदा दादानं त्यांचा लोखंडी अडकित्ता घासूनपुसून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवला. बाहेर निघाला तो तांब्याचा! दादा समजावू लागला, की लोखंडानं दोन इलेक्ट्रॉन दिले, त्याचा नंबर शून्याचा दोन झाला. पाण्यातल्या तांब्यानं ते घेतले, त्याचा दोनाचा शून्य झाला. एकानं दिलं तेवढंच दुसऱ्यानं घेतलं, इकडंतिकडं काही सांडलं नाही.

"म्हणजे लोखंडानं दान केलं," जोशीबुवा म्हणाले. "मग ते शुद्धच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवपूजेसाठी तांब्याची करून दे म्हणून लोखंडी बादली घेऊन हजर! दादा मागच्या दारानं गेला, तो जेवायलाच आला.

*

एकदा घाईत मी एक उतरलेली बॅटरी उलटी जोडली. बघतो तर मीटरचा काटा भलत्याच बाजूला. आता कानाखाली बसणार म्हणून मी गाल पुढं करून उभा. दादानं भिंतीवरचे आकडे पुसले आणि जागा बदलून लिहिले : ४ आणि ०.

"दोघांना एकमेकांच्या घरात बसवलंस. आता आपापल्या घरी सोडून ये."

सोडायला दोन दिवस लागले. गिऱ्हाईक उशीर का म्हणून विचारायला लागलं, तर दादा म्हणाला, "पाहुणे घर चुकले होते."

*

विषमज्वरात डॉक्टरांनी काचेची नळी दादाच्या तोंडातून काढली. दादानं डोळे मिटूनच विचारलं, "नंबर किती?"

"एकशे चार."

"शंभर सोडून द्या," दादा म्हणाला. "चार म्हणजे बॅटरी भरलेली आहे."

मी हसलो. त्या वेळी मी हसलो, हे मला अजून सहन होत नाही.

*

आजारी पडायच्या आदल्या दिवशी दादानं भरलेली शेवटची बॅटरी पुणतांब्याच्या पाटलांची होती, चावडीवरच्या रेडिओची. दादा गेल्यावर पाटील ती न्यायला आले तेव्हा मी तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो. म्हटलं, दुसरी कुठलीही न्या, ही मिळणार नाही. हिच्यातला चार दादाच्या हातचा आहे, तुम्ही रेडिओ लावला की संपेल. रशीदभाईंनी आधी समजावलं, मग दम भरला, की बॅटरी दे नाहीतर दुकानातून चालता हो. मी चालता होणारच होतो, बॅटरीसकट.

पाटील बाकावर बसले. "लेका, नुसती ठिवली तर भरल्येली ऱ्हाती का ती?"

खोटं बोलणार होतो, पण समोर भिंतीवर दादाचे आकडे होते.

"नाही," मी म्हणालो. "बसून बसून उतरते. तशीच पडून राहिली तर प्लेटा पांढऱ्या पडतात. मग ती पुन्हा भरत नाही."

शेवटी मीच ती उचलून त्यांच्या स्टेशनला जाणाऱ्या टांग्यात ठेवली.

रोज तासभर रेडिओ लावला तर ती बॅटरी पंधरा-वीस दिवस चालायची. पाटील चौथ्या दिवशी हजर. मीटर लावला, तर काटा पार तळाला. मी भडकलो. दादाच्या हातचं सगळं एवढ्यात उडवलंत कसं, म्हणून त्यांच्या अंगावर गेलो.

पाटलांचे डोळे तांबारलेले होते. "रेडू बंदच क्येला न्हाई," ते म्हणाले. "बातम्या, भजनं, समदं आयकलं. टेसन बंद झालं तर खरखर आयकली. गाव लई शिव्या घालतंय मला."

त्यांनी बॅटरी माझ्यापुढं सरकवली.

"आता तुज्या हातानं भर."