हॉबीच्या रकान्यातला फुटबॉल

मी आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारलेली नाही. तरीही केंद्रीय सेवांच्या परीक्षेच्या अर्जात, 'हॉबी'च्या रकान्यात, मी फुटबॉल असं टाइप केलं आणि तेव्हा माझं बोट जराही अडखळलं नाही. आज आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. इतकी निर्ढावलेली मी कधी झाले कोण जाणे.

लेखी परीक्षा पास झाल्यावर मुलाखतीआधी एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. मुलाखत घेणाऱ्या पाच जणांसमोर तोच असतो आणि त्यात लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर ते काहीही विचारू शकतात. त्यामुळे दिल्लीत तयारी करणाऱ्या आम्हा मराठी मुलामुलींत हॉबीच्या रकान्यावर जेवढा खल होतो, तेवढा लग्नपत्रिकेच्या मजकुरावरही होत नसेल. 'वाचन' नको, घासून गुळगुळीत झालंय. 'ट्रेकिंग' नको, निम्मं पुणं तेच लिहितं. माझा खरा छंद म्हणाल तर दुपारी झोपणं आणि आईशी फोनवर भांडणं. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथीगृह आहे, तिथे नोकरीला लागलेले सीनियर येऊन आमच्या लुटुपुटूच्या मुलाखती घेत. त्यातला एक, ज्याला सगळेच दादा म्हणत, माझा कच्चा अर्ज बघून म्हणाला, "कोकणातली मुलगी ना तू? फुटबॉल टाक. पॅनेलला एकदम फ्रेश वाटेल."

"पण दादा, मी कधी खेळलेच नाही."

"अगं, खेळायचंय कुणाला? तयारी करायचीये."

तो माझा सहावा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. आधी दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत आले होते. वयाची तिशी उलटली होती. गावी बाबांनी 'कधी येतेस' हा प्रश्न विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि त्याचा त्रास प्रश्नापेक्षा जास्त व्हायचा. या वेळी नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फुटबॉल टाकला.

मग मी त्याची तयारी केली, म्हणजे आम्हाला जी एकच करता येते तशी. वही घेतली, रेघा मारल्या, मुद्दे काढले. पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. मला वाटत होतं फुटबॉल म्हणजे फुटबॉल, त्यात काय असणार? तर अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर धडकायचं, पायाचा संबंध अगदी नावापुरता. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. तो शब्द अमेरिकेचा असेल म्हणून मी नाक मुरडलं, तर तो निघाला इंग्लंडमधल्याच कॉलेजच्या पोरांनी काढलेला. आयर्लंडमधल्या देशी फुटबॉलमध्ये चेंडू हातात झेलला तरी चालतो. ऑस्ट्रेलियात तर मेलबर्नचा माणूस फुटबॉल म्हणाला की एक खेळ आणि सिडनीचा म्हणाला की बहुधा दुसराच! इटलीत नुसतं 'लाथ' म्हणतात, तोच खेळ. पोलंडमध्ये पाय आणि चेंडू यांचे घरचे शब्द जोडून नाव केलंय. आपल्याकडेही कुणीतरी 'पदकंदुक' असा शब्द काढल्याचं सापडलं. तो उच्चारेपर्यंत गोल होऊन जाईल. मी चाळीस पानं भरली. कोणत्या देशात कुणाच्या तोंडी कोणता अर्थ, ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

ही सगळी बडबड मी जिच्यासमोर करायचे ती माझी रूममेट मणिपूरची. करोल बागेच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खाटा आणि एक कूलर मावेल एवढ्या खोलीत आम्ही अडीच वर्षं काढली. तिचं हिंदी तिच्या वळणाचं, माझं माझ्या. दोघींचं मिळून एक वेगळंच हिंदी तयार झालं होतं, ते खालच्या चहावाल्याला कळत नसे. तिलाही त्याच वर्षी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, माझ्यानंतर दोन दिवसांनी.

ती ऐकायची आणि हसायची. "तू एवढे शब्द जमवलेस. माझ्या आजोबांना विचारलं असतंस तर ते म्हणाले असते, तेल लावलेला नारळ काखेत घेऊन पळतात तोच खरा खेळ, बाकी सगळं पोरखेळ." मग एकदा कपडे वाळत घालता घालता तिनं तिच्या लहानपणीचं सांगितलं. गावात चेंडू नव्हता. भात कापून झालं की रिकाम्या शेतात ती आणि सगळी मुलं पपनसानं फुटबॉल खेळायची. पपनस आधी चुलीच्या उबेला ठेवून नरम करायचं, म्हणजे पायाला लागत नाही. आणि नियम असा, की ज्याच्या लाथेनं ते फुटेल त्यानं ते सोलून सगळ्यांना भरवायचं, समोरच्या टीमलाही, स्वतःच्या हातानं. ती गोलकीपर होती. पुढे जिल्ह्याच्या टीममध्ये खेळली, गुडघा दुखावला म्हणून सोडलं. सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी हातातली चादर पिळायची विसरले.

"मग अर्जात लिहिलं असशीलच हे?" मी विचारलं.

"नाही. 'रीडिंग' लिहिलंय. आमच्या सरांनी सांगितलं, मणिपूरचे सगळे फुटबॉलच लिहितात, पॅनेल बोअर होतं."

मी थक्कच झाले. जिनं पपनसं फोडली तिनं फुटबॉल लपवला आणि जिनं चेंडूला हात लावला नाही तिनं तो मिरवला, तोही दोघींच्या हितचिंतकांच्या सल्ल्यानं. आम्ही दोघी त्या दिवशी पोट धरून हसलो. तेव्हा ती गंमतच वाटली होती.

माझी मुलाखत सकाळच्या पाळीत झाली. मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांच्या डावीकडे काठी टेबलाला टेकवून बसलेले एक वयस्क गृहस्थ. फुटबॉल शब्द निघाला आणि मी सुटलेच. अमेरिका, आयर्लंड, मेलबर्न, सिडनी. बाई मान डोलवत होत्या. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात काठीवाले गृहस्थ पुढे झुकले आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "शब्द तर तुम्हाला सगळे माहीत आहेत. तुम्ही स्वतः खेळलात कधी?"

चाळीस पानांत हा प्रश्न नव्हता. आमच्या शाळेत मुलींना लंगडी आणि खो-खो, फुटबॉल मुलांचा. 'नाही' एवढं एकच अक्षरांचं जोडपं उच्चारायचं होतं. सहा प्रयत्न डोळ्यांसमोरून गेले, आणि माझं तोंड बोलू लागलं. गावात चेंडू नव्हता, सर. भात कापून झालं की आम्ही मुलं पपनसानं खेळायचो.

माझ्या गावी पपनस होतं. गणपतीवर टांगतो आम्ही. शेतंही होती, भातही होता. कुठेच काही खटकलं नाही, हाच तर घात झाला. चूल सांगितली. फुटलेलं पपनस समोरच्या टीमला भरवायचं, तेही सांगितलं. पाचही जण हसले. बाई म्हणाल्या, "हाऊ ब्यूटिफुल." मी बाहेर आले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी खूश होते.

मुलाखतीहून परतलेल्याला आमच्याकडे कुणी पाणीही आधी देत नाही. वही घेऊन बसवतात आणि पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत सगळं वदवून घेतात; पुढच्यांना उपयोगी पडतं. रूममेटनं माझं सगळं लिहून घेतलं. मी तो एक प्रश्न सोडून बाकी सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी ती गेली. आईनं विणलेला फनेक, त्यांच्याकडचं लुंगीसारखं नेसायचं वस्त्र, तिनं कडक इस्त्री करून घेतला होता. दुपारी परतली ती खाटेवर बसली आणि सँडल काढायचंही तिला सुचेना. चेहरा पांढराफटक.

"यार, समझ में नहीं आ रहा," ती म्हणाली. "रीडिंगवर दोन प्रश्न झाले. मग एक काठीवाले सर म्हणाले, मणिपूरची असून फुटबॉल नाही? मला इतकं बरं वाटलं. मी त्यांना पपनसाचं सांगितलं. सगळं. तर कुणी हसेचना. ते सर म्हणाले, मॅडम, ही गोष्ट आम्ही याच आठवड्यात ऐकलीय. क्लासमध्ये शिकवतात का ही? मी म्हटलं, सर, ही माझी आहे. मधल्या बाईंनी कागद उलटला आणि म्हणाल्या, लेट अस मूव्ह ऑन."

काठी म्हटल्यावरच मी ओळखलं होतं. दिल्लीत एवढी पॅनेलं बसतात, कुणाला कुठलं मिळेल हे त्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिला नेमकं तेच मिळालं होतं. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मेरी ही बात को झूठ बोल दिया." मी तिला पाणी दिलं. कूलर चालू केला. डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. सांगायला हवं होतं. तेव्हा सांगून तिचे मार्क परत येणार नव्हते, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरले होते.

निकाल लागला. यादीत माझं नाव होतं, तिचं नव्हतं. गावी बाबांनी पेढे वाटले. ती खोली सोडून इम्फाळला परत गेली, जाताना मला घट्ट मिठी मारून गेली. नंतर मार्क आले. मुलाखतीत मला आजवरचे सगळ्यात जास्त, आणि तिला इतके कमी की तेवढ्यावरूनच ती यादीबाहेर राहिली होती. थोडे जरी बरे असते तरी ती आत असती.

आता मी दिल्लीतच एका मंत्रालयात आहे, फरीदाबादला राहते, रोज मेट्रोनं जाते-येते. नोकरीची पहिली दोन वर्षं मी तिला फोन करायचं टाळलं. दिवाळीला मेसेज, वाढदिवसाला मेसेज. तिनं तिथे एका शाळेत नोकरी धरली होती, मुलींच्या टीमला फुटबॉल शिकवायची, त्यांचे फोटो पाठवायची. मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी व्हायचे. एका रविवारी मात्र मला राहवेना. फोन लावला आणि तिनं 'बोल' म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. रडले, माफी मागितली, जे करतात ते सगळं केलं.

तिच्या मागे मुलींचा गलका चालला होता.

"मुझे उसी दिन पता चल गया था," ती म्हणाली.

कसं कळलं, कुणी सांगितलं, मी विचारत राहिले.

"कुणी नाही. मुलाखतीहून आलेल्याला तू कधी सोडलंस? शेजारच्या खोलीतल्या मुलीला जिन्यातच अडवायचीस वही घेऊन. उस दिन मैं आई, और तूने मुझसे एक भी सवाल नहीं पूछा."