न हलणारी रेघ

भूकंपाची नोंद कशी असते असं कुणी विचारलं, की मी अजून बोटाने हवेत तीन रेघा काढून दाखवते. दोन रेघा आडव्या हादऱ्यांच्या, एक खालीवरच्या हादऱ्याची. माझ्या उमेदवारीच्या काळात ही नोंद फिल्मवर यायची. धरणाच्या पोटात, तालुक्याच्या कचेरीत, एखाद्या शाळेच्या मागच्या खोलीत यंत्र बसवलेलं असे. जमीन हलली की ते जागं होई आणि उजेडाच्या बारीक ठिपक्यांनी फिल्मवर रेघा उमटवी. ती फिल्म धुऊन आमच्याकडे, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत यायची. पूल आणि धरणं आखणाऱ्यांना रेघांचा उपयोग नसतो, त्यांना आकडे लागतात. त्या रेघांचे आकडे करणं हे माझं काम.

टेबलाच्या काचेखाली दिवा, काचेवर फिल्मची मोठी केलेली प्रत, हातात भिंग आणि भिंगात केसाएवढी बारीक फुली. फुली रेघेवर नेमकी आणायची, बटण दाबायचं, तसूभर पुढे सरकायचं, पुन्हा बटण. नवीन येणारी माणसं आठवड्यात कंटाळत. मला मात्र हे काम फार आवडायचं. मी घरच्या किराण्याचीसुद्धा दुकानाच्या मांडणीच्या क्रमाने यादी करणारी बाई. एक एक बिंदू हातावेगळा करत जाणं माझ्या स्वभावातच होतं.

पण माझी जागा हंगामी होती. अशा नोंदींचा मोठा संग्रह आम्ही तयार करत होतो. तो नीट पार पडला तर मला याच टेबलावर कायम करायचं, नाही तर आवक-जावक विभागात पाठवायचं, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिथे दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे. मला ते नको होतं.

माझं काम तपासायच्या त्या आपा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, आणि सगळं ऑफिस त्यांना आपाच म्हणायचं. मंडईजवळ त्यांच्या घरचं तराजू-वजनांचं जुनं दुकान होतं, आणि बोलणं असं, की समोरच्याला जखम झाल्याचं घरी गेल्यावर कळावं. त्यांचा एक दंडक होता. तीन हलत्या रेघांशेजारी यंत्र एक सरळ रेघही काढत असे. आतल्या पक्क्या बसवलेल्या आरशावरून ती यायची, त्यामुळे भूकंप कितीही मोठा असो, ती सरळच. आम्ही तिला न हलणारी रेघ म्हणायचो. प्रत्येक फिल्मवर आधी तिचे आकडे घ्यायचे, मग बाकीच्यांचे.

“वेळ जातो त्यात, आपा,” मी सुरुवातीला म्हटलं होतं.

“गिऱ्हाईक पण असंच म्हणतं. आधी पारडी रिकामी ठेवून काटा बघायचा, मग माल. काटाच कललेला असेल तर पुढे केशर तोल नाही तर कांदे, सारखंच.”

त्या वर्षी होळीनंतर मी भराभर बारीक झाले. भूक तर दुप्पट लागत होती. ऑफिसातल्या बायका विचारायच्या, “कसलं डाएट करतेस गं?” मंडईतून भाजी घेऊन घरचा जिना चढताना छातीत धडधडायचं, रात्री झोप लागायची नाही. मी सगळा दोष उन्हाळ्याला आणि कामाच्या घाईला देऊन टाकला होता.

एके दिवशी आपांनी मला जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेतलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांच्या हातात माझ्या आकड्यांची पुन्हा रेघ करून छापलेला कागद होता.

“ही कोणती रेघ?”

“न हलणारी.”

“हलायचं नाही, हे हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.”

मी पाहिलं. सरळ असायला हवी होती त्या रेघेला करवतीसारखे दाते आले होते. थोडेफार दाते सगळ्यांच्याच हाताला येतात, पण हे फार होते. मी ताबडतोब संशयितांची यादी केली. पंखा बंद केला. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. फिल्मची दुसरी प्रत लावली. व्होल्टेज बघून घेतलं. प्रत्येक वेळी रेघ पुन्हा काढली. दाते जागच्या जागी. घामाने माझा पदर भिजला होता.

“आता एकच गोष्ट बदलायची राहिली,” आपा म्हणाल्या.

“कोणती?”

“ऊठ.”

त्या माझ्या खुर्चीत बसल्या. तेच टेबल, तेच भिंग, तीच फिल्म. त्यांची रेघ सरळ आली.

डोळ्यांसमोर पाकिटं आणि शिक्के दिसत होते. आपांनी माझा हात उचलून आपल्या तळव्यावर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

“किती दिवस होतंय हे?”

“माहीत नाही. लक्षातच आलं नाही.”

“आधी डॉक्टर, मग साहेब. तुझ्या यादीत याच क्रमाने लिही. साहेबांकडे मी बरोबर येईन. तोवर ही गोष्ट या टेबलाच्या बाहेर जाणार नाही.”

शनिवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडू लागला.

“नोकरी कुठली करता?”

“भूकंपाच्या नोंदींची.”

“मग हीसुद्धा घ्या,” म्हणत त्यांनी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बेताल चालली होती. बरं होतं, पण वेळ लागतो, असं त्यांनी सांगितलं.

साहेबांसमोर जाताना आपांनी एक गुंडाळी बरोबर घेतली होती. माझ्या प्रत्येक फिल्मची न हलणारी रेघ त्यांनी क्रमाने एकाखाली एक चिकटवली होती. वरच्या रेघा स्वच्छ. होळीच्या सुमाराला बारीक दाते सुरू झाले होते आणि खाली येता येता वाढत गेले होते.

साहेबांनी चष्मा वर करून गुंडाळी पाहिली. “म्हणजे यांचा आजार कधी सुरू झाला हे त्यांच्या डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे.”

“होळीच्या आधीचं सगळं काम चोख आहे,” आपा म्हणाल्या. “नंतरच्या फिल्म मी पुन्हा मोजते. हे निसटलं असतं तर एखाद्या पुलाचा खांब हिच्या थायरॉइडचे हादरे सोसेल एवढा जाड झाला असता.”

साहेब हसले नाहीत. “आणि तोवर या काय करणार? आवक-जावकला देऊ?”

“आपल्या संग्रहात यंत्राखाली खडक आहे की माती, ते कुठे लिहिलंय? यंत्राचं तोंड कुठल्या दिशेला आहे? त्याशिवाय आकडे घेऊन कुणी काय करायचं? या ऑफिसात यादी करणारं दुसरं कोण आहे?”

साहेबांनी गुंडाळी आपांकडे परत सरकवली. “हात थांबला की टेबल. थांबला नाही, तर मग बघू.”

पुढचे काही महिने मी पत्रं पाठवत होते. जिथे जिथे यंत्र होतं तिथे तिथे: खाली काय आहे, कितव्या मजल्यावर आहे, दिशा कोणती. एका शाळेने उलट विचारलं, यंत्राच्या खोलीत लेझीम ठेवल्या आहेत, चालतील का? आपांनी उत्तराच्या मसुद्यावर शेरा मारला, ‘यंत्राची हरकत नसल्यास.’ मी तो खोडून सभ्य भाषेत लिहिलं. हळूहळू प्रत्येक नोंदीपुढे तिच्याखालची जमीन लिहिली गेली. नंतर अभियंत्यांची चौकशीची पत्रं येऊ लागली तेव्हा सगळ्यात जास्त विचारणा याच पानांची व्हायची.

आपा माझ्या फिल्म एकेक करून पुन्हा मोजत होत्या. स्वतःचं काम सांभाळून, महिनोन् महिने. मी आभार मानायला गेले की म्हणायच्या, “बोलू नकोस, फुली हलते.” मला आयुष्यात अनेकांनी मदत केली, पण पुष्कळदा आधी चारचौघांत चूक दाखवली आणि मग हात दिला. आपांनी जे पाहिलं ते आधी मला एकटीला दाखवलं. आजही रोज सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, थायरॉइडची गोळी घेताना मला त्यांची आठवण येते. ग्रंथी औषधाने शांत केली ती कायमचीच शांत झाली, म्हणून ही गोळी जन्मभराची. माझ्या दिवसाच्या यादीत ती पहिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर डॉक्टरांनी पुन्हा बोटांवर कागद ठेवून पाहिला. तो पडून राहिला. दुसऱ्या दिवशी आपांनी मला टेबलाशी बसवलं आणि समोर एक फिल्म लावली. साहेब दारात उभे होते. मी फक्त न हलणारी रेघ घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई केली नाही. कागद छापून आला तो मी पाहिला नाही. आपांनी पाहिला, साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो उजेडाकडे धरला, घडी घालून खिशात ठेवला आणि ते गेले.

“आपा, कशी आलीय?”

“काटा मधे आहे,” त्या म्हणाल्या आणि आपल्या कपाटातून फिल्मचा अख्खा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “आता माल तोल.”