गाडीचा टेप बदलला तेव्हा

आमच्या शिरूरकडं गाडीतल्या स्टिरिओला अजून सगळे टेपच म्हणतात. कॅसेटी जाऊन जमाना झाला, पण शब्द काही गेला नाही. तर माझ्या गाडीत कंपनीनं दिलेला टेप होता आणि त्यानं मला अगदी जेरीस आणलं होतं. पेन ड्राइव्ह लावला तर मनात आलं तर वाचायचा, नाहीतर नाही. फोन जोडला की माझा आवाज म्हणे विहिरीतून आल्यासारखा जायचा. मी सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. रोज नगर रोडनं जायचं आणि नगर रोडनंच यायचं, आणि त्या रोडची कोंडी ज्यानं भोगलीय त्याला मी काय सांगायचं! शिक्रापूरला एकदा अडकलं की पुढच्या ट्रकमागची सगळी अक्षरं पाठ होतात. अशा वेळी एक धड गाणं लागू नये, हा शुद्ध छळ होता. शेवटी मी म्हटलं, खड्ड्यात गेला हा टेप, नवा बसवते.

पण त्याआधी आप्पांचं सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. दौंडला रेल्वेत शंटिंगला होते. दौंड जंक्शनात कितीतरी गाड्यांचं इंजिन एका तोंडाचं काढून दुसऱ्या तोंडाला लावावं लागायचं. इंजिन मागं येताना रुळाच्या कडेला उभं राहून ड्रायव्हरला निशाण दाखवायचं, ये म्हणायचं आणि डब्याला अलगद टेकायच्या बेताला थांब म्हणायचं, हे आप्पांचं काम. सगळी नोकरी त्यातच गेली. मी त्यांची एकुलती एक. आई गेल्यावर आप्पा दौंडच्या घरात एकटेच भाकरी-दूध खाऊन राहायला लागले, तेव्हा मी त्यांना शिरूरला घेऊन आले.

"घेऊन आले" असं लिहायला दोन शब्द लागतात, आणायला माझा जीव निघाला. बापानं लेकीच्या घरी राहायचं, हे आमच्यात कुणाच्या पचनी पडत नाही. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाहीत. आप्पा इतके कडक नव्हते. यायचे, जेवायचे, नातीगोती विचारायचे, पण मुक्कामाचं नाव काढलं की चपला शोधायला लागायचे. माझा नवरा गरीब स्वभावाचा. त्यानं दोनदा जाऊन हात जोडले तेव्हा कुठं "चार दिस येतो" म्हणून आप्पा आले. आले ते पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसायचे. चहाला कधी मागून घेतला नाही. पिशवीतले कपडे कपाटात ठेवा म्हटलं तर "असू दे की, हाताशी हायत" म्हणायचे. ती भरलेली पिशवी कॉटखाली बघितली की मला धसकाच बसायचा. कोणत्या दिवशी उचलतील आणि निघतील, नेम नव्हता.

ते टिकले ते माझ्या गाडीमुळं. आमचं घर बोळाच्या टोकाला आहे. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला उघडी गटार आणि मधेच विजेचा खांब. संध्याकाळी गाडी सरळ आत घालता येते, पण सकाळी रोडपर्यंत उलटीच काढावी लागते. मी दोन वेळा भिंतीला घासली होती आणि एकदा मागचं चाक गटारीत घातलं होतं. आप्पांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता गाडीमागं जाऊन उभे राहिले. "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडं तोड... येऊ दे... बास!" बास म्हणताना दोन्ही हात वर. मग डिकीवर एक थाप, म्हणजे जा आता. आरशात मला त्यांचा नुसता हात दिसायचा, पण तो हात असा काही बोलवायचा की गाडी आपोआप सरळ जायची.

त्या दिवसापासून आप्पा खुर्चीत पूर्ण टेकून बसायला लागले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी दारात हजर. मला उशीर झाला तर मलाच बोलायचे, "आटप की गं, टायम झाला!" कपडे कपाटात गेले. चहात साखर कमी पडली की बोलून दाखवायला लागले, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी मुद्दाम दोनदा कमी घातली. एकदा पाटसचे एक पाहुणे आले होते. त्यांनी जरा खवचटपणे विचारलं, "मग आप्पा, लेकीकडं काय करता दिवसभर?" मी स्वयंपाकघरात कान टवकारले. आप्पा म्हणाले, "तिची गाडी काढून देतो. तिला मागं घेता येत न्हाई." इतक्या ऐटीत म्हणाले की पाहुण्यांनी विषयच बदलला.

आणि मी काय केलं? टेप बदलला.

शिरूरच्या बाहेर, हायवेला एक दुकान आहे, सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं बसवून देतात. दुकानदारानं डॅशबोर्डची पट्टी उचकटून कंपनीचा टेप बाहेर ओढला. मागं वायरींचा गुंता लोंबत होता. मी म्हटलं, "एक वायर कापायची नाही हं, सांगून ठेवते." तो म्हणाला, "म्याडम, कपलर हाय, नुसतं खटकन बसतंय. न्हाई आवडला तर जुना परत लावून देतो." नवा टेप म्हणजे हा एवढा मोठा स्क्रीन. नकाशा, फोन, गाणी, सगळं बोटावर. आवाज लावला तर गाडीच्या काचा थरथरल्या. मी हरखून गेले. मग तो म्हणाला, "आन् मागचा कॅमेरा आन् सेन्सर ह्याच्यासंगट येतोच, काय जवळ आलं की टीं टीं वाजतंय. रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर मागचं सगळं दिसतंय." नंबर प्लेटच्या वर त्यानं बोटाच्या पेराएवढा कॅमेरा बसवला. मी "बसवा की" म्हटलं. त्या क्षणी आप्पा माझ्या मनातसुद्धा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नेहमीसारखे मागं उभे. मी रिव्हर्स टाकला, टेप टीं टीं करायला लागला, स्क्रीनवर हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा उमटल्या आणि मी त्या रेघांच्या नादात सुळ्ळकन गाडी बाहेर काढली. आप्पांना बाजूला व्हावं लागलं. "येऊ दे" अर्धंच राहिलं. नवरा कौतुकानं म्हणाला, "बघा आप्पा, आता तुम्हाला उन्हातान्हात उभं राहायला नको!" त्याच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. आप्पा स्क्रीनमध्ये वाकून बघत म्हणाले, "चांगलं झालं की. झ्याक दिसतंय."

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले नाहीत. पेपर वाचत बसले. मी हाक मारली तर म्हणाले, "त्यात दिसतंय की तुला." दाढी एक दिवसाआड झाली. आणि एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर कपाटातला कप्पा रिकामा, पिशवी कॉटखाली भरलेली. मला राग आला, कुणाचा ते कळेना. आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतो आणि वर त्याला आराम म्हणतो. आराम ज्याला पाहिजे त्याला द्यावा. आप्पांनी तो कधी मागितलाच नव्हता.

मग मी एक अक्कल चालवली. सकाळी गुपचूप जाऊन कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. पॅकेटमधली नवीकोरी, मोठी, मरून रंगाची. रिव्हर्स टाकला, स्क्रीन काळा. मी ओरडले, "अहो आप्पा, कॅमेरा बंद पडला वाटतं! या बरं लवकर!" आप्पा आले. अगदी बनियनवर आले. "येऊ दे... येऊ दे... बास!" थाप पडली. मी सणसवाडीपर्यंत गाणी म्हणत गेले. किती हुशार मी! एवढं डोक्यात आलं नाही की जो माणूस गाडीच्या मागं उभा राहणार त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर ती टिकली येणार.

संध्याकाळी मी चहा घेत होते. आप्पांनी समोर येऊन टिकली टेबलावर ठेवली. "तुझी टिकली मागं पडली हुती," म्हणाले. माझ्या कपाळावर तसलीच होती. मला हसू आलं आणि तोंड लपवावंसंही वाटलं. ते हसले नाहीत. "माझ्यासाठी असलं काय करत जाऊ नको," म्हणाले, "आन् रविवारी मला दौंडला सोड. घर बंद हाय लई दिस झालं. उंदीर झालं असतील."

मी भांडले. मी रागावले की मला धरबंध राहत नाही. उंदरांचा काय उद्धार करायचा तो केला, दौंडचा केला, लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या लोकांचा केला. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "रविवारीच बरं पडंल, तुला सुट्टी असती."

रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून निघालो. उसाचा सीझन होता. कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून रस्ताभर पसरले होते. मी आमचा नवा टेप चालू केला आणि पाटसच्या अलीकडं बंद केला. गाणं ऐकवत नव्हतं. मी विचारलं, "आप्पा, माझं काही चुकलं का?"

"न्हाई गं. तुजं न्हाई, जावयाचं न्हाई. सोन्यासारखी माणसं हायत."

"मग का जाताय? मला गाडी काढायला माणूस नको होता. मला तुम्ही पाहिजे होतात. घरात तुमचं खोकणं ऐकू आलं तरी मला बरं वाटतं."

आप्पा म्हणाले, "ते मला कळतंय. पर मी तिथं काय म्हणून राहायचं, ते तू सांग. लेकीच्या घरी बाप म्हंजी पाहुणा. पाहुण्यानं किती दिस राहावं?"

मी हॉर्न दाबला आणि पुढचा ट्रॅक्टर मागं टाकला.

दौंडला पोचलो. रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आप्पांचं दोन खोल्यांचं घर. कुलूप काढलं तर आत धुळीचा थर. उंदीर एकही नव्हता, ते मी बोलून दाखवलं. झाडून काढलं, फरशी पुसली, आप्पांच्या गोळ्या खिडकीत लावून ठेवल्या, आईचा फोटो पुसून खिळ्याला लावला. काळा चहा केला, कारण दूध नव्हतं. पिण्यासारखा झाला नव्हता तरी दोघांनी प्यायला. मग करायला काही उरलं नाही. मी म्हटलं, "येते मग." ते म्हणाले, "सावकाश जा. पोचली की फोन कर."

ती गल्लीसुद्धा आमच्या बोळासारखीच, गाडी उलटीच काढावी लागते. मी बसले, दार लावलं, रिव्हर्स टाकला. स्क्रीन उजळला आणि त्यात आप्पा उभे होते. कधी जाऊन उभे राहिले कळलंच नाही. हात वर करून बोलवत होते. "येऊ दे... येऊ दे..."

इतके महिने आरशात मी त्यांचा नुसता हात बघितला होता. स्क्रीनवर आख्खे आप्पा दिसत होते. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, गाल आत गेलेले. आणि ते चाकाकडं बघतच नव्हते. मागच्या काचेतून माझ्या पाठीकडं बघत होते. गाडी मागं जात होती, ते मागं सरकत होते, मग एका जागी थांबले. हात चालूच. "येऊ दे... येऊ दे..." त्यांचे पाय पिवळ्या रेघेला टेकले. टेप टीं टीं करायला लागला. मी त्यांनी बास म्हणायची वाट बघत होते. पाय लाल रेघेला टेकले, आवाज एकसारखा झाला, स्क्रीनमध्ये त्यांचे गुडघे पार बंपरला आले, आणि आप्पा हात हलवत तिथंच उभे. मी कचकन ब्रेक मारला.

दार तसंच उघडं टाकून मी मागं धावले. "आप्पा! डोकं फिरलंय का तुमचं? बास का नाही म्हणालात? अंगावर घातली असती मी गाडी!"

आप्पांचा हात अजून अर्धा वर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला. सबंध नोकरीत त्यांच्या हाताखाली कधी एक डबा दुसऱ्यावर आदळला नव्हता.

"म्हणवलं न्हाई गं," ते म्हणाले. "बास म्हटलं की तू जाणार."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर गल्लीत ढसाढसा रडले. काय म्हणून राहायचं, ह्याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "आप्पा, चला."

त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग बाहीनं डोळे पुसले आणि घराकडं वळले.

"थांब," म्हणाले, "पिशवी घेतो, कुलूप लावतो आन् येतो."