चोइजिलदादांनी स्वतःला दावणीला बांधले

आमच्या तामीर नदीच्या खोऱ्यात शर्यतीचे घोडे तयार करणारे पुष्कळ आहेत. परंतु घोड्याच्या मानेवर नुसता हात ठेवून तो धावण्यास योग्य झाला की नाही, हे सांगणारे चोइजिलदादाच होते. त्यांचा शेजारी या नात्याने मी हे लिहीत आहे.

वसंताच्या आरंभी शहरातील तपासणीत त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ आढळली. आमच्याकडे या आजारात कोणाला गमावले नाही, असे घर क्वचितच सापडेल. तथापि डॉक्टर उयांगा यांनी सांगितले की गाठ एकाच भागात आहे आणि ती कापून काढता येईल. उन्हाळा लागताच शस्त्रक्रियेसाठी यावे, तोपर्यंत प्रकृती सांभाळावी.

प्रकृती सांभाळण्याची दादांना एकच रीत ठाऊक होती. शर्यतीपूर्वी घोड्याला दावणीला बांधतात, त्याचे चरणे कमी करतात, पांघरूण घालून घाम काढतात आणि लाकडी पट्टीने तो निपटतात. दादांनी तेच स्वतःवर सुरू केले. मांस सोडले, खारट चहा व पातळ रस्सा यांवर दिवस काढले, भर उन्हात मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घालून ते बसू लागले.

"अहो, उपास करायला कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांच्या पत्नी सेवजिदवहिनी विचारीत.

"पोट सुटलेला घोडा पहिल्याच चढावर बसतो. मला सुरीखाली जायचंय, लग्नाला नाही."

"म्हणजे तुम्ही घोडा आहात?"

"असतो तर एवढी बडबड ऐकावी लागली नसती."

येणारेजाणारे शेजारी त्यांचे पोट आत गेलेले पाहून समाधान व्यक्त करीत, आणि आजारी माणसाला काम करू द्यायचे नाही या रिवाजाप्रमाणे त्यांचे पाणी व सरपणही आणून टाकीत. दादा दिवसभर बसून वाळत राहिले.

उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत शहरात गेलो. डॉक्टर उयांगांनी त्यांच्या हाताची पकड यंत्रावर मोजली. नंतर हात न टेकता खुर्चीवरून उठण्यास सांगितले. दादा उठले, बसले. पुन्हा उठताना मात्र त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. डॉक्टरांनी पोटाच्या स्कॅनचे नवे चित्र जुन्याशेजारी ठेवले.

"काका, हे कमरेचे स्नायू बघा. निम्मे राहिलेत जणू. काय केलंत तुम्ही?"

"चरबी उतरवली, पोरी."

"चरबी नाही, मांस उतरलंय. आजारी यकृत साठा करू शकत नाही. तुम्ही खाल्लं नाहीत की ते तुमच्याच स्नायूंवर जगतं. स्नायू गेलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, छातीत कफ साचतो. असे रुग्ण ऑपरेशननंतर पुष्कळदा उठतच नाहीत. आज मी कापणार नाही."

"मग कधी?"

"गाठ फार काळ थांबणार नाही. थोडी मुदत देते. मांस, अंडी, दही, दिवसभरात थोडं थोडं. झोपण्यापूर्वी खायचंच, रात्रभर पोट रिकामं ठेवायचं नाही. आणि चालायचं, वजन उचलायचं."

परतीच्या वाटेवर दादा म्हणाले, "चुकीचा घोडा धरला मी. हा शर्यतीचा नव्हेच. हा हिवाळ्यातून हाडं घेऊन बाहेर पडलेला. अशाला बांधत नाहीत, चारतात."

चारणे मात्र सोपे नव्हते. मांसाचा वास आला तरी त्यांना मळमळे. वहिनी मटण बारीक चिरून वाटीभरच वाढीत आणि समोर बसून राहत. निजताना दूध व वाळवलेल्या दह्याचे खडे देत. दादा घास तोंडात धरून डोळे मिटीत आणि गिळीत. कधी उलटी होई. तोंड धुऊन ते पुन्हा वाटी ओढून घेत. पाण्याचा कॅन उचलावयास मी गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"ठेव खाली. माझं पाणी आहे ते."

"दादा, लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. तुझी दया मला खाटेवर लोळवेल."

पहिल्या आठवड्यात ते अर्धा कॅन नेत आणि मध्ये बसत. पुढे भरलेला नेऊ लागले. खोऱ्यातील शर्यती आल्या आणि गेल्या. दादा त्या पाहायला गेले नाहीत. त्या सकाळी ते टेकडी चढत होते.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा पकड मोजली. दादा खुर्चीवरून हात न लावता, थांबा म्हणेपर्यंत उठत-बसत राहिले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गेलेले सर्व स्नायू परत आलेले नाहीत, गाठ किंचित वाढली आहे, आणि काढल्यावरही ती पुन्हा येऊ शकते.

"पण आता कापता येईल?" दादांनी विचारले.

"आता येईल."

शस्त्रक्रिया पार पडली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने आधार देऊन त्यांना उभे केले. ते भिंत धरून दारापर्यंत गेले, परतले, आणि घामेजलेल्या चेहऱ्याने खाटेच्या कडेवर बसले. वहिनींनी डब्याचे झाकण उघडले.

"भूक आहे का?"

"नाही," दादा म्हणाले. "वाढ."